एसी बसवताना व्हॅक्यूम पंप लावायलाच हवा का?

दांडियाबाजारकर: बडोद्यातल्या आमच्या जुन्या घरी दीड टनाचा आर-३२ गॅसचा स्प्लिट एसी बसवायचा आहे. आउटडोअर गच्चीवर, म्हणून पाइप साधारण १० मीटर. फिटर म्हणतो, "पंप कशाला? मशीनमधलाच गॅस थोडा सोडून पाइपातली हवा काढतो, थंड कमी झालं तर वरून गॅस मारू." मला हे अजिबात पटत नाही. पंप नसेल तर एसी सुरूच करू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

रावपुऱ्याचा फिटर: दादा, जुन्या आर-२२ गॅसच्या जमान्यात आम्ही असेच एसी बसवले, त्यातले कितीतरी अजून चालतात. पाइप नवा, तोंडाला बूच, अंतर तीन-चार मीटर. लिक्विडचा व्हॉल्व्ह ॲलन कीने जरासा उघडायचा, दुसऱ्या बाजूचा नट सैल ठेवायचा, काही सेकंदांत हवा बाहेर. मे महिन्यात रांगेने घरं असतात. अर्धा तास पंप चालवायचे पैसे कोण देतं? गिऱ्हाईक आधी बसवणीचा दरच पाडून मागतं.

विश्वामित्रीकाठ: काका, दराचं दुखणं खरं आहे, पण आर-२२ चा दाखला इथे लागू पडत नाही. तेव्हा कॉम्प्रेसरमध्ये मिनरल तेल असायचं. आर-३२ आणि आर-४१०ए या नव्या गॅसांसोबतचं सिंथेटिक तेल ओलावा झपाट्याने शोषतं. पुढे त्यात आम्ल तयार होतं आणि मोटरचं वाइंडिंग जळतं. गॅसच्या झोताने हवा निघेल, पाइपाच्या आतल्या भिंतीला धरलेली ओल निघत नाही. पंपाने दाब इतका खाली जातो की तेच पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होतं आणि ओढलं जातं. बडोद्याच्या पावसाळी हवेत पाइप जोडायचा आणि हे टाळायचं? शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो, आणि हवा तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ६७५ पट आहे. तो गॅलरीत मोकळा सोडणं मला तरी गुन्ह्यासारखं वाटतं.

रावपुऱ्याचा फिटर: ओलाव्याचं मान्य. पण वरून गॅस भरण्यात वावगं काय? आर-३२ एकच गॅस आहे, ४१०ए सारखं मिश्रण नाही. अर्धा भरला तरी प्रमाण बिघडत नाही.

दांडियाबाजारकर: प्रमाण बिघडत नाही, पण किती भरला हे कळणार कसं? गेजवरचा दाब बाहेरच्या उन्हाबरोबर बदलतो. दुपारी ४२ अंशांत बरोबर दिसलेला आकडा रात्री चुकीचा. आउटडोअरच्या पाटीवर गॅस ग्रॅममध्ये लिहिलेला असतो, आणि किती मीटरपर्यंतच्या पाइपाला तो पुरतो हे मॅन्युअलमध्ये. समजा ५ मीटरपुरता असेल आणि पुढे मीटरला २० ग्रॅम सांगितले असतील, तर मला १०० ग्रॅमच हवेत, तेही काट्यावर मोजून. हवा काढायला किती उडाला हे कुणी मोजलंच नाही, तर ही बेरीज जमायची कशी?

रावपुऱ्याचा फिटर: काटा आमच्यातल्या फार थोड्यांकडे आहे, हे खरं. पंप मी आणीन, ५०० मायक्रॉनपर्यंत (पाइपातला उरलेला दाब मोजायचं माप) ओढून, दहा मिनिटं थांबून दाब वर चढत नाही हे दाखवीन. मजुरी मात्र आधी ठरवा.

दांडियाबाजारकर: ठरवू. काट्याचं भाडंही मी देतो.