मदत हवी आहे: वाचनालयाच्या साइटवरच्या कुकीज, वाचकाने कोणतं पुस्तक पाहिलं हे बाहेर जाऊ नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी 'अ' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. मी कार्यकारिणीवर आहे आणि साइटचं काम माझ्याकडे आलंय. साइटवर ग्रंथसूची, सभासदांचं लॉगिन, पुस्तक राखून ठेवायची सोय, अभ्यासिकेची चौकशी आणि बालविभागाचे यूट्यूबवरचे गोष्टींचे व्हिडिओ आहेत. ज्याने साइट बनवून दिली त्याचं म्हणणं, खाली 'कुकीज स्वीकारा' अशी पट्टी टाकली की गोपनीयतेचं काम झालं. पट्टी आता चाचणीसाठी लागली आहे, पण मला हे पटत नाही.

खाजगी विंडोत साइट उघडली, एफ१२ दाबून कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) बघितल्या. पट्टीला हातही लावला नव्हता, तरी तीन कुकीज बसलेल्या. एक 'पीएचपीसेसआयडी', लॉगिनची. दुसरी गुगल अ‍ॅनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या सेवेची '_जीए', मुदत दोन वर्षं. तिसरी जाहिरातीच्या एका पिक्सेलची (जाहिरात कंपनीला भेटीची खबर देणारा छोटा कोड), मुदत ९० दिवस.

मग घटस्फोटाच्या कायद्यावरच्या एका पुस्तकाचं पान उघडलं आणि नेटवर्क टॅब (पान कुठे कुठे विनंती पाठवतं ते दाखवणारा) पाहिला. गुगलकडे जाणाऱ्या मोजणीच्या विनंतीत 'डीएल'समोर पानाचा पूर्ण पत्ता, 'डीटी'समोर पुस्तकाचं नाव आणि सोबत '_जीए'मधला तोच आकडा. पुढे नैराश्यावरचं पुस्तक उघडलं, तर पुन्हा तोच आकडा.

आमच्याकडे कोणी काय नेलं हे देवघेवीच्या टेबलापलीकडे जात नाही. ग्रंथपालबाई एका सभासदाचं दुसऱ्याला कधी सांगत नाहीत, घरच्यांनाही नाही. लहान गावात एखादी बाई असं पुस्तक मागायला येते ती याच भरवशावर. साइटवरही हा भरवसा तितकाच पक्का हवा.

तर, कोणत्या कुकीज ठेवाव्या लागतील? पट्टीची गरज आहे का? आणि देणगीदारांना वार्षिक अहवालात साइटला किती भेटी झाल्या ते दाखवावं लागतं, ती मोजणी कशी करू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद: कऱ्हाकाठ

लॉगिनची कुकी काढू नका. कुकी नसेल तर सर्व्हरला प्रत्येक पान मागणारा माणूस नवाच वाटतो. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी आणली ती हीच अडचण सोडवायला. मात्र तिला तीन बंधनं घाला. 'सिक्युअर', म्हणजे ती फक्त एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवरून जाईल. 'एचटीटीपीओन्ली', म्हणजे पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचता येणार नाही. आणि 'सेमसाइट=लॅक्स', म्हणजे दुसऱ्या साइटने गुपचूप पाठवलेल्या फॉर्मसोबत ती जाणार नाही. मुदतीची तारीख देऊ नका आणि सर्व्हरवरचं सेशनही थोड्या वेळाने आपोआप संपू द्या. वाचनालयातल्या सामायिक संगणकावर लॉगिन करणारे असतील तर हे फार महत्त्वाचं.

'_जीए'बद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लोक म्हणतात, ब्राउझरमध्ये थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्या डोमेनच्या, कुकीज बंद करा. सफारीने तर २०२० पासून त्या पूर्ण अडवल्या आहेत. पण ही कुकी तुमच्याच डोमेनच्या नावावर बसते, म्हणून त्या अडवणुकीत ती सापडत नाही. सफारी अशा स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीची मुदत सात दिवसांवर आणते, एवढंच. तिच्यातले शेवटचे दोन आकडे बघा: पहिला यादृच्छिक, दुसरा म्हणजे त्या ब्राउझरची पहिली भेट, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. नाव नसलं तरी ब्राउझर ओळखायला तेवढं पुरतं.

त्यामुळे वाचकांना सेटिंग बदलायला सांगून भागणार नाही. ती स्क्रिप्ट आणि पिक्सेल दोन्ही साइटवरून काढा. जाहिरात न देणाऱ्या वाचनालयाला पिक्सेल कशाला हवं?

प्रतिसाद: रानजाई

कायद्याचं सांगते. पट्ट्यांची ही पद्धत युरोपातून आली. तिथल्या २००२ च्या निर्देशात २००९ मध्ये संमतीची अट आली. १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपीय न्यायालयाने प्लॅनेट४९ खटल्यात स्पष्ट केलं की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. नकार देणं स्वीकारण्याइतकं सोपं नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड केल्याचं जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं. तुमची पट्टी विचारण्याआधीच कुकीज बसवते, म्हणजे तिथे ती ग्राह्यच धरली नसती.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संमती मुक्त, विशिष्ट आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीत असलीच पाहिजे. तुमच्यासाठी सर्वात मोठं कलम मुलांचं आहे. १८ वर्षांखालच्यांचा माग काढणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं कायद्याने मना केलंय. बालविभागाच्या पानावर पिक्सेल एक दिवसही ठेवू नका.

फक्त लॉगिनची कुकी उरली तर पट्टी नको. 'ही कुकी कशासाठी, किती वेळ राहते' एवढं गोपनीयतेच्या पानावर साध्या मराठीत लिहा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पिक्सेल आज काढायला सांगतो. मोजणी आणि व्हिडिओंचं काय करू?

प्रतिसाद: कऱ्हाकाठ

अहवालापुरतं सर्व्हरची अ‍ॅक्सेस लॉग फाइल, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंद, पुरे. गोअ‍ॅक्सेस हे मोफत साधन तिच्यातून रोजच्या भेटी काढून देतं, कुकी लागत नाही. पण लॉगमध्येही आयपी पत्ता (वाचकाच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि पुस्तकाच्या पानाचा पत्ता शेजारी शेजारी असतात. म्हणून आयपीचा शेवटचा भाग पुसायची सोय करून घ्या, महिन्याचा आकडा काढला की जुन्या फाइल आपोआप जाऊ द्या आणि होस्टिंगवाल्याकडे त्यांचा बॅकअप किती दिवस राहतो तेही विचारा. तक्ते हवेच असतील तर स्वतःच्या सर्व्हरवर माटोमो हे मोजणीचं साधन टाकून त्यातल्या कुकीज बंद करता येतात.

व्हिडिओ 'यूट्यूब-नोकुकी' या पत्त्यावरून लावले तरी पान उघडताक्षणी विनंती तिकडे जातेच. त्यापेक्षा व्हिडिओच्या जागी स्वतःच्या सर्व्हरवरचं चित्र ठेवा आणि वाचकाने त्यावर टिचकी मारल्यावरच व्हिडिओची चौकट येऊ द्या. हे बदल झाले की पुन्हा खाजगी विंडोत तेच घटस्फोटाच्या कायद्याचं पान उघडा. नेटवर्क टॅबमध्ये तुमच्या डोमेनशिवाय दुसरं कोणतंही नाव दिसलं तर त्या ओळीचा स्क्रीनशॉट इथे टाका, बहुधा फॉन्ट बाहेरून येत असेल.