माझदा एमएक्स-५ ला १९५ ऐवजी २०५ रुंदीचे टायर लावावेत का?

शेफील्डकर

नमस्कार. माझ्याकडे २००० सालची, दुसऱ्या पिढीतील माझदा एमएक्स-५ आहे, १.८ लिटरचे इंजिन, दोन आसने आणि कापडी छत. मी इंग्लंडमध्ये शेफील्डला राहतो. कामावर बसने जातो आणि ही गाडी रविवारी सकाळी स्नेक पासच्या घाटातून ग्लॉसॉपपर्यंत जाऊन येण्यापुरतीच बाहेर काढतो. गाडीला कंपनीच्याच १५ इंची, ६ इंच रुंदीच्या अलॉय रिम आहेत आणि त्यांवर मूळ मापाचे १९५/५० आर१५ टायर आहेत.

आता चारही टायर बदलायची वेळ आली आहे. मागच्या दोन्ही टायरांच्या मधल्या भागात अजून तीन मिलिमीटर नक्षी शिल्लक आहे, पण आतल्या कडेला हात फिरवला तर बोटाला काहीच लागत नाही, अगदी गोटा झालेला आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की त्याच रिमवर २०५/५० आर१५ आरामात बसतील, पकड वाढेल आणि गाडी दिसेलही रुबाबदार. माझ्या शंका अशा की हे टायर या रिमवर नीट बसतील का, चाकावरच्या कमानीला घासतील का, वेगमापक चुकेल का आणि मुख्य म्हणजे वळणावर खरोखर काही फरक पडेल का. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

त्रिज्या

आधी गणित करून टाकू, म्हणजे निम्म्या शंका तिथेच मिटतील. १९५/५० मधील १९५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी आणि ५० म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ५० टक्के, अर्थात ९७.५ मिलिमीटर. अशा दोन उंची आणि १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळून टायरचा व्यास ५७६ मिलिमीटर भरतो. २०५/५० चा व्यास याच हिशेबाने ५८६ येतो, म्हणजे सुमारे १.७ टक्के जास्त. वेगमापक आज अचूक असेल असे धरले, तर काटा ७० मैलांवर असताना गाडी ७१.२ मैलांनी धावत असेल. ब्रिटनमध्ये वेगमापकाने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवलेला चालत नाही, पण बहुतेक गाड्यांचे काटे मुळातच थोडे पुढे दाखवतात, त्यामुळे एवढ्या फरकाने अडचण येऊ नये. तरीही फोनवरच्या जीपीएसशी एकदा ताडून पाहावे.

आता रुंदीकडे वळू, कारण दुकानदाराच्या बोलण्यातली खरी गोम तिथे आहे. टायरवर छापलेली रुंदी ही ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते. १९५/५० साठी ती मापाची रिम ६ इंची असते आणि तिच्यावर टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारण २०१ मिलिमीटर भरते; २०५/५० साठी ती साडेसहा इंची असते आणि तिच्यावर रुंदी सुमारे २१४ येते. रिम अर्ध्या इंचाने अरुंद केली की टायर सुमारे ५ मिलिमीटरने आवळला जातो. म्हणजे तुमच्या ६ इंची रिमवर हा २०५ फार तर २०९ भरेल, आणि तुमच्या पदरात एकूण आठ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला चार मिलिमीटर पडतील. २०५/५० ला साडेपाच ते साडेसात इंची रिम चालते, तेव्हा टायर बसेल हे दुकानदाराचे म्हणणे खरे आहे. मात्र बसणे वेगळे आणि शोभणे वेगळे.

पकडीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. रुंद टायर रस्त्यावर जास्त रबर टेकवतो असे सर्रास सांगितले जाते. पण टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचे वजन आणि टायरमधली हवा यांवर ठरते. चालकासह गाडी ११०० किलो धरली आणि कंपनीने सांगितल्याप्रमाणे हवा २६ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठेवली, तर प्रत्येक चाकाखाली सुमारे दीडशे चौरस सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा ठसा उमटतो. टायर रुंद केला की हा ठसा आडवा वाढतो आणि उभा घटतो. त्याचा फायदा असा की वळणावर तेवढेच बल मिळवण्यासाठी टायरला कमी तिरके व्हावे लागते आणि स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळते. परंतु तुमच्या बाबतीत साइडवॉल पाच मिलिमीटरने उंच होणार आणि रिम तुलनेने अरुंद पडणार, त्यामुळे वळणात टायर जास्त झुकेल. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाईल.

माझे मत विचाराल तर ६ इंची रिमवर १९५ च ठेवावा आणि वाचलेले पैसे रबराच्या दर्जावर घालावेत.

वल्कनायझिंग

कोल्हापुरात माझे टायरचे दुकान होते. एमएक्स-५ कधी हाताखाली आली नाही, पण अरुंद रिमवर रुंद टायर चढवायचा आग्रह धरणारी गिऱ्हाइके रोज येत. अशा टायरमध्ये काय होते ते डोळ्यांनी पाहता येते. रिमच्या कडा आत असल्यामुळे साइडवॉल दोन्ही बाजूंना फुगते, नक्षीचा माथा किंचित गोल होतो आणि भार मधल्या पट्ट्यावर येतो. दहा हजार किलोमीटरनंतर मधली नक्षी झिजलेली आणि खांदे तसेच कोरे, असे टायर मी ढिगाने उतरवले आहेत.

तरीही २०५ घेतलेच तर हवा किती ठेवायची हे खडूने ठरवावे. नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढावी, कोरड्या रस्त्यावर सरळ शंभरेक पावले गाडी चालवावी आणि उतरून पाहावे. मधला खडू पुसला गेला आणि कडांचा राहिला, तर हवा जास्त आहे. कडांचा पुसला गेला आणि मधला राहिला, तर कमी आहे.

आणखी एक, टायर घेताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. रविवारीच निघणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी वयाने कडक होतो, म्हणून अशा गाडीला जुना साठा मुळीच घेऊ नये, मग दुकानदार कितीही सूट देवो.

पावसाळी

मी मँचेस्टरला असतो आणि माझ्याकडे याच पिढीची गाडी आहे. माझ्या गाडीला २०५/५० च आहेत, पण ७ इंची रिमवर, त्यामुळे श्री. त्रिज्या यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. रुंद रिमवर हाच टायर ताठ उभा राहतो आणि कोरड्या रस्त्यावर गाडी वळणात शिरताना जो नेमकेपणा येतो तो १९५ ने मला कधी दिला नव्हता. माझ्या गाडीची उंची मूळचीच आहे आणि टायर कुठेही घासत नाहीत. गाडी खाली बसवलेली असेल तर मात्र मागच्या कमानीची आतली घडी तपासावी.

तोटा पावसात कळतो. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो याचे नासाच्या विमान-टायरांवरील चाचण्यांतून आलेले एक जुने सूत्र आहे: हवेच्या दाबाचे वर्गमूळ गुणिले १०.३५, उत्तर ताशी मैलांत. २६ पीएसआयला ते सुमारे ५३ मैल येते. चांगली नक्षी पाणी बाहेर फेकत असल्यामुळे प्रत्यक्षात एवढे वाईट घडत नाही, पण हलकी गाडी आणि कमी हवा हे मूळचेच नाजूक समीकरण आहे, हे त्यावरून समजते. त्यात ठसा रुंद आणि आखूड केला की पाणी फोडणे आणखी अवघड होते. एम६२ महामार्गावर अवजड ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचलेले असते, तिथे माझे स्टिअरिंग क्षणभर पिसासारखे हलके होते. तुमच्या स्नेक पासवर कोरडा रविवार वर्षातून किती वेळा येतो, हे तुम्हीच ठरवा.

माप बदलले तर विमा कंपनीला कळवायला विसरू नका. आणि एक गोष्ट कोणीच विचारली नाही: मागचे टायर फक्त आतल्या कडेला का झिजले? तो दोष टायरचा नव्हे. चाकांचा कोन बिघडलेला असणार, आणि तो दुरुस्त न करता नवे टायर घातले तर १९५ असोत की २०५, त्यांचीही तीच गत होईल. या गाडीला चारही चाकांवर डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी दांडे आहेत आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) व टो (चाकाचे तोंड आत-बाहेर वळणे) पुढेमागे दोन्हीकडे लावता येतात. ही सोय तिच्या किमतीच्या फार थोड्या गाड्यांना आहे.

शेफील्डकर

सर्वांचे आभार. काल गाडी जॅकवर घेऊन मागची चाके काढली. टायरवरचा आकडा ०८१४ निघाला, म्हणजे मी नक्षी मोजत बसलो होतो आणि टायर कधीच म्हातारा झाला होता. वल्कनायझिंग यांची सूचना वाचली नसती तर तिकडे लक्षही गेले नसते.

ओल्या रस्त्यावरील पकडीला युरोपीय लेबलवर ‘ए’ श्रेणी असलेले १९५/५० मागवले आहेत. रिम बदलण्याचा मोह अजून गेलेला नाही, पण तो पुढच्या वर्षावर ढकलला. कोन लावायला गॅरेजमध्ये गेलो, तेव्हा तिथल्या माणसाने मागच्या खालच्या विशबोनच्या कॅम बोल्टांना, म्हणजे ज्यांनी कोन लावतात त्यांना, पाना लावला आणि मान हलवली. तीन फिरले, चौथा बुशच्या (सांध्यातल्या रबरी अस्तराच्या) नळीत गंजून एकजीव झाला आहे.

पावसाळी

बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या या गाड्यांचे हेच दुखणे आहे. तो बोल्ट तापवून निघण्याची आशा धरू नका, कारण उष्णतेने बुशचे रबर जळते आणि बोल्ट तिथेच राहतो. सरळ कापायला सांगा, बुशही नवा घ्या आणि नवा बोल्ट बसवताना नळीत भरपूर ग्रीस लावून घ्या. गाडी वर घेतलेलीच आहे, तर पुढच्या चॅसीच्या दांड्या आतून कुजलेल्या नाहीत ना, तेही ठोकून पाहायला सांगा.

शेफील्डकर

दांड्या ठोकून पाहिल्या. आवाज भरीव आला. बोल्ट गुरुवारी कापणार आहेत. तोवर चारही नवे टायर घराच्या बोळात रचलेले आहेत आणि सगळ्या घरात रबराचा वास सुटला आहे.