मदत हवी आहे: लो मोडवर टॉर्च फडफडते, नवी घेताना फ्रिक्वेन्सी किती बघायची?

नमस्कार मंडळी. राहायला नागपुरात, संत्र्याची बाग काटोलकडे. आंबिया बहाराचा ताण तोडलाय, म्हणजे झाडांना पुन्हा पाणी सुरू केलंय, आणि या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची, म्हणून बाबा आणि मी आळीपाळीने ओलिताला जातो. त्यासाठी सीताबर्डीतून एलईडी टॉर्च आणली, एका १८६५० सेलवर (चार्ज होणारा लिथियम सेल) चालणारी. हाय मोडची काही तक्रार नाही. पण सेल रात्रभर पुरावा म्हणून आम्ही लोवरच वापरतो, आणि त्रास तिथेच आहे.

टॉर्च स्थिर धरली तर उजेड एकसारखा. पण पाइपातून दांडात पडणारी धार सलग न दिसता सुट्या मण्यांसारखी दिसते. ओल्या पानावरचा एखादा थेंब चमकतो, नजर फिरवली की एकाचे पाच-सहा होतात. दांडाच्या काठाने घोणस निघते, तेव्हा जे हलतं ते नीट दिसायलाच हवं. बाबांना अर्धशिशी आहे, तासाभरात कपाळ दाबत बसतात. टॉर्चमुळेच होतं असं छातीठोकपणे म्हणत नाही, पण जुन्या बल्बच्या बॅटरीत असं कधी झालं नव्हतं.

मोजून पाहिलं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१० सेकंद ठेवलं, अंधाऱ्या खोलीत पेटती टॉर्च कॅमेऱ्यासमोरून झपकन आडवी फिरवली आणि फोटो काढला. हायवर सलग रेघ आली. लोवर तुटक रेघ, २२ तुकडे. म्हणजे सेकंदाला साधारण २२० वेळा उघडझाप. तुकडे बारीक आणि मधली जागा त्यांच्या आठ-नऊ पट.

दुकानदार म्हणतो सगळ्या एलईडी अशाच. खरं आहे का? किती फ्रिक्वेन्सी असली की हे दिसणं थांबतं? की ही उघडझाप नसलेलीच टॉर्च शोधू?

प्रतिसाद:
सगळ्या अशा नसतात. तुमच्या टॉर्चमध्ये पीडब्ल्यूएम आहे: एलईडी पूर्ण करंटवरच पेटते, फक्त वेळेचा दहावा हिस्सा. २२० हर्ट्झला एक फेरी साडेचार मिलिसेकंदांची, त्यातले चारएक मिलिसेकंद चक्क काळोख. स्थिर वस्तूवर डोळा ते जोडून घेतो, शंभराच्या आतच बहुतेकांना लुकलुक दिसेनाशी होते. पण नजर झटकन वळते तेव्हा सेकंदाला ५०० अंशांपर्यंत जाते. २२० हर्ट्झला दर सव्वादोन अंशांवर एक ठिपका उमटतो, तेच तुमचे पाच-सहा थेंब. २००० हर्ट्झला तेच अंतर पाव अंशावर येतं.

नुसती फ्रिक्वेन्सी बघू नका, प्रत्येक फेरीत उजेड किती टक्के कमीजास्त होतो तेही बघा. घरातला जुना बल्बही सेकंदाला १०० वेळा कमीजास्त व्हायचा, पण तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून जाणवायचं नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १७८९-२०१५ या मानकात या कमीजास्तीची कमी धोक्याची मर्यादा अशी दिली आहे: ९० हर्ट्झच्या वर फ्रिक्वेन्सी गुणिले ०.०८ टक्के. २२० ला ही १७.६ टक्के येते, तुमची टॉर्च १०० टक्के विझते. पूर्ण विझूनही चालायचं तर १२५० हर्ट्झ लागतात, आणि परिणामच नको असेल तर ३०००.

माझं मत विचाराल तर स्थिर करंटची घ्या. तिच्यात लोवर करंटच कमी होतो, उघडझाप नाही. कमी करंटवर एलईडी जास्त कार्यक्षम असते, म्हणून तेवढ्याच उजेडाला सेलही जास्त पुरतो. उजेडाची छटा किंचित बदलते, वावरात कोण बघतं! आणि बाबांचं दुखणं डॉक्टरांना दाखवाच, टॉर्चवर सोडू नका.

मूळ लेखक:
खूप आभार भाऊ. रविवारी बर्डीवर फोन घेऊन जातो आणि दुकानातच शटर लावून प्रत्येक टॉर्चच्या लो मोडचा फोटो काढतो. बाबांची वेळही घेतली. एकच राहिलं: सध्याच्या टॉर्चची बॉडी दणकट आहे, आतला ड्रायव्हर (एलईडीला करंट देणारं सर्किट) काढून स्थिर करंटचा बसवता येईल का? नागपुरात कुणी करून घेतलं असेल तर सांगा.