मालवणच्या गाभाक्षेत्रात गरवणंही बंद करावं का?

सागरवेडी:
मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौ. किमी, त्यात गाभा जेमतेम ३.१८. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीच्या या तुकड्यात जाळं नको आणि गरीही, म्हणजे दोरीचा गळही नको, असं माझं ठाम मत आहे. कारण गोब्रा, म्हणजे खडकातल्या कपारीत राहणारा ग्रूपर मासा. बहुतेक जातींचे गोब्रे आधी मादी असतात, मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. बाजाराला मोठा मासा हवा असतो, म्हणजे आपण नेमके नर उचलतो. शिवाय हा मासा आपला खडक सोडून फारसा भटकत नाही. बांगड्याचा थवा फिरत फिरत पुन्हा येतो. गोब्र्याची कपार एकदा रिकामी झाली की भरायला वर्षं जातात.

दांडीवरचा:
ताई, मासा तुम्हाला कळतो, पण शिक्षा कोणाला देताय? पर्ससीनवर, म्हणजे अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, राज्याने २०१६ साली निर्बंध आणले, मासे खेचायला लावतात त्या एलईडी दिव्यांवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच. त्यांना कोणी हात लावत नाही, आणि होडीतून गरवून दोन तांबोशी आणणारा गुन्हेगार? आमच्या पोटार पाय कित्याक?

प्रवाळप्रेमी:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. तरीही स्नॉर्केलिंगला आलेले लोक त्यावर सर्रास उभे राहतात, माशांना पाव घालतात. प्रवाळ मेलं की लहान माशांचा आसरा गेला. गरी बंद आणि पर्यटकांच्या बोटी चालू, हा न्याय मला तरी मान्य नाही.

मत्स्यविद्यार्थी:
पूर्ण बंदीपेक्षा आकाराचा नियम करा. नेहमीचे नियम फक्त लहान माशाला वाचवतात. गोब्र्यासाठी वरची मर्यादाही हवी, ठरावीक लांबीपुढचा मासा परत सोडायचा. किल्ल्याजवळ पाणी उथळ आहे, त्यामुळे गरीवरचा मासा सोडला तर जगायची शक्यता चांगली. खोल पाण्यातून वर ओढलेल्याचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगतो, तो सहसा वाचत नाही.

सागरवेडी:
मोठा गोब्रा हातात आल्यावर तो सोडणार कोण? त्याचे पैसे दिसत असतात. होडी आत गेलीच नाही तर हा प्रश्नच येत नाही. पर्यटकांच्या बोटींबद्दल मात्र मी सहमत आहे, त्याही गाभ्याबाहेर ठेवा.

दांडीवरचा:
त्या बोटीही आमचीच पोरं चालवतात. मासा कमी झाला म्हणूनच ती तिकडे वळली. आकाराचा नियम मी पाळेन, वाडीतल्या बाकीच्यांनाही सांगेन. पण सगळा गाभा बंद करायचा असेल तर आधी एलईडीवाल्या बोटी जप्त झालेल्या दाखवा. तोवर मी होकार देणार नाही.