'स्क्रीम' म्हणजे फक्त घाबरून मारलेली किंकाळी? नाही हो, नाही!

कानोकानी
परवा इथे एक पोस्ट आली की "स्क्रीम म्हणजे भीतीची किंवा वेदनेची किंकाळी, आनंदात माणूस शाउट करतो, 'स्क्रीमिंग विथ जॉय' हे चुकीचं इंग्रजी आहे". खाली सगळे "छान माहिती, सेव्ह केली" लिहून मोकळे झाले. दोन दिवस गप्प बसले, आता नाही राहवत.

मी नऊ वर्षं सबटायटल्सचं भाषांतर करतेय. इंग्रजी फाइलमध्ये कंसात नुसतं 'स्क्रीम्स' असतं आणि प्रत्येक वेळी आधी प्रसंग बघावा लागतो, कारण तोच शब्द बाळंतपणाच्या कळांना असतो, स्टेजवर आवडता गायक आल्यावर पोरी जो कल्ला करतात त्याला असतो आणि भांडणात ताळतंत्र सुटलेल्या नवऱ्यालाही असतो. स्क्रीम भावना सांगतच नाही. आवाज कसा निघाला ते सांगतो, म्हणजे वरच्या पट्टीतला, फाटलेला, ताबा सुटलेला. शाउटमध्ये बहुतेक वेळा शब्द असतात, कुणाला तरी काहीतरी ऐकवायचं असतं. रोलर कोस्टर उतारावर सुटला की लोक काय शाउट करतात? तिथे इंग्रजीत स्क्रीमच म्हणतात, आणि उतरून परत रांगेत उभे राहतात ते काय घाबरून?

साधासरळ
ती पोस्ट माझीच. वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे. शिकणाऱ्याला आधी एक पक्का अर्थ द्यावा लागतो, अपवादांचं गाठोडं पहिल्याच दिवशी डोक्यावर ठेवलं तर पोरं वहीच मिटतात. स्क्रीम म्हटल्यावर दहातल्या नऊ जणांना भीतीच आठवते. तुमचं 'विथ जॉय' मागे जोडावं लागतं, त्याचाच अर्थ एकटा शब्द आनंदाचा नाही.

कानोकानी
मग 'विथ फिअर', 'इन पेन' पण जोडतातच की! तुमच्याच न्यायाने तो भीतीचाही नाही. सोपं करून सांगा ना, कोण नको म्हणतंय, पण बरोबर वापराला "चुकीचं इंग्रजी" म्हणू नका.

धूळपाटी
यावर प्रयोग झालेत. २०१५ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक पेपर आला होता. साध्या बोलण्यात आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते, किंकाळीत ३० ते १५० वेळा, म्हणून ती कानाला खरखरीत लागते आणि मेंदू खाडकन जागा होतो. धोक्याच्या भोंग्यांमध्येही तीच खरखर सापडली. म्हणजे भीतीशी नातं आहेच, साधासरळ सर अगदीच चूक नाहीत. पण २०२१ मध्ये झ्युरिकच्या लोकांनी किंकाळ्यांचे सहा प्रकार तपासले, वेदना, राग, भीती, सुख, दुःख आणि आनंद. ऐकणाऱ्यांनी सुखाच्या-आनंदाच्या किंकाळ्या भीती-रागाच्या किंकाळ्यांपेक्षा पटकन आणि जास्त अचूक ओळखल्या. संशोधकांना स्वतःलाच उलटं अपेक्षित होतं.

उंबरठा
तुमचं स्क्रीम चालू द्या, माझं दुखणं वेगळं आहे आणि ते कुणी शिकवत नाही. 'शाउट टू' आणि 'शाउट अ‍ॅट'. नवीन नोकरीत मी साहेबांना मेलमध्ये लिहिलं की सीनियर शाउटेड अ‍ॅट मी फ्रॉम द गेट. मला एवढंच म्हणायचं होतं की गेटवरून त्यांनी हाक मारली. तासाभरात दोघांनाही केबिनमध्ये बोलावणं, त्यांना लेखी खुलासा मागितला. 'टू' म्हणजे लांबून ऐकू जावं म्हणून, 'अ‍ॅट' म्हणजे अंगावर ओरडणं. तो माणूस पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. दोन अक्षरांचा शब्द हो! आणि शाळेत आम्हाला काय शिकवलं, तर शाउट म्हणजे ओरडणे, पुढचा शब्द घ्या.

रंगरेषा
भीतीचा विषय निघालाय तर नॉर्वेचा चित्रकार मुंक, त्याचं चित्र कसं विसरता? 'द स्क्रीम'. जगातली सगळ्यात प्रसिद्ध किंकाळी, आणि ती भीतीचीच आहे. विषय संपला.

कानोकानी
त्या चित्रातला माणूस किंचाळत नाहीये. त्याने कान झाकलेत.

रंगरेषा
तोंड आ वासलंय ते काय जांभई देतोय?

कानोकानी
मुंकने स्वतः लिहून ठेवलंय. तो मित्रांबरोबर चालला होता, सूर्य मावळला, आकाश रक्तासारखं लाल झालं आणि निसर्गातून एक अफाट किंकाळी आरपार जातेय असं त्याला जाणवलं. किंचाळतोय तो निसर्ग. हा बिचारा ती ऐकू नये म्हणून कान दाबतोय.

रंगरेषा
लिहिलेलं मला माहितीये, मी चित्रकलाच शिकलेय. पण चित्र डोळ्यांनी बघायचं असतं, डायरीने नाही. बघणाऱ्याला तो किंचाळतानाच दिसतो आणि सव्वाशे वर्षं दिसत आलाय.

धूळपाटी
नॉर्वेजियन नाव 'स्क्रिक' आहे, ते इंग्रजी 'श्रीक'च्या, म्हणजे कर्कश चीत्काराच्या, जवळचं. आणि १८९५ च्या छापावर मुंकने जर्मनमध्ये 'गेश्राय' लिहिलंय, त्यात एकट्याच्या किंकाळीपेक्षा चहूबाजूंनी उठलेल्या आरडाओरड्याची छटा आहे. म्हणजे 'द स्क्रीम' हे नावच अर्धवट. त्या नावामुळेच आपण चित्रात किंचाळणारा माणूस शोधतो.

पाचवा_कोपरा
त्याच चित्राची मुंकनेच काढलेली एक प्रत २०१२ मध्ये जवळजवळ १२ कोटी डॉलरला गेली, दुसऱ्या दोन १९९४ आणि २००४ मध्ये चोरीला गेल्या आणि परत मिळाल्या. नाव काहीही ठेवा, काय बिघडतं?

रंगरेषा
बिघडतं. 'अर्धवट' काय? नाव लोकांनी स्वीकारलंय. घरबसल्या शब्दकोश चाळून चित्रकला शिकवू नका.

साधासरळ
एवढा धुरळा एका शब्दावर. माझ्या वर्गातल्या पोरांना यातलं काहीही लागत नाही.

कानोकानी
लागतं सर. आता हे मला सांगावंच लागेल. माझ्या मामेभावाला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याच्यासाठी पडद्याखालची ती कंसातली ओळ म्हणजेच आवाज. एका सिनेमात मुलगी अकरा वर्षांनी आईला भेटते. विमानतळाचं दार उघडतं, कॅमेरा मुलीच्या पाठीमागे, चेहरा दिसत नाही, आणि फाइलमध्ये 'स्क्रीम्स'. तेव्हा मी नवीन होते, तुमच्याच नियमाने 'किंकाळी' लिहून पुढे गेले. तो माझ्या शेजारी बसून बघत होता, माझा दंड धरला आणि खुणेने विचारलं, काय झालं, कोण मेलं? पुढची दोन मिनिटं तो त्या मिठीकडे घाबरून बघत होता. त्याचा तो प्रसंग मी घालवला. आता मी तिथे 'आनंदाने चीत्कारते' लिहिते, दोन अक्षरं जास्त गेली तरी चालतील.

उंबरठा
अगदी हेच म्हणतेय मी.

साधासरळ
हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. ठीक आहे, "चुकीचं इंग्रजी" हे शब्द पोस्टमधून काढतो आणि "बहुतेक वेळा" घालतो. पण पहिल्या दिवशी वर्गात मी भीतीपासूनच सुरुवात करणार, ते बदलणार नाही.

कानोकानी
करा सुरुवात, फक्त आठवडाभरात रोलर कोस्टरपर्यंत पोचा.

रंगरेषा
आणि तो माणूस किंचाळतोयच. उद्या त्यावर वेगळा धागा काढतेय.