ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (स्तनाची चिवट सूज, कॅन्सर नसलेली): ऑपरेशनशिवाय, औषधांवर कुणी बरं झालंय का?

वय ३४, मुलगी तीन वर्षांची. अंगावरचं दूध तोडून दीड वर्ष झालं. गणपतीत उजव्या स्तनात लिंबाएवढी कडक गाठ लागली. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक शून्य. मग कातडी लाल होऊन फुटली, पू यायला लागला. कॅन्सरच असणार असं धरून आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नाही. बायॉप्सी केली तर कॅन्सर नाही, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस.

आता एक सर्जन म्हणतात, गाठ काढूनच टाकू. दुसऱ्या डॉक्टर म्हणतात, घाई नको, जखम लवकर भरत नाही आणि गाठ परत येऊ शकते; स्टेरॉइड देऊन हळूहळू डोस उतरवू, लागलंच तर मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध). मला गरोदरपणात शुगर होती, म्हणून स्टेरॉइडची धास्ती वाटते. शिवाय दुसरं मूल हवंय. रोज कुर्त्याच्या आत गॉज ठेवून लोकलने जाते, कुणाचा कोपर लागला की डोळ्यांपुढे काजवे.

(हळदीचा लेप सुचवू नका. सासूबाईंनी लावून झालाय, कातडी आणखी सोलली.)

प्रतिसाद १
अगं, आधी टीबी तपासलाय का? स्तनाचा टीबी हुबेहूब असाच दिसतो, रिपोर्टमध्येही ग्रॅन्युलोमाच (सुजेच्या पेशींचे पुंजके) लिहून येतं. तो नाही याची खात्री न करता स्टेरॉइड घेतलंस तर टीबी भडकेल. माझा टीबी नव्हता. प्रेडनिसोलोनवर (तेही स्टेरॉइडच) गाठ विरली, पण पाच महिने लागले आणि तोंड पुरीसारखं फुगलं. मनाने गोळी बंद मात्र करू नकोस.

प्रतिसाद २
मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. ते चालू असताना दिवस राहून चालत नाही, त्यामुळे मुलाचं डॉक्टरांना आत्ताच सांग. शुगरचं भय असेल तर गाठीतच स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, तेही विचार. शुगर तरी तपासत राहावी लागेलच.

धागाकर्ती
रिपोर्ट परत काढून वाचला. टीबीचा उल्लेखच नाही! लॅबमध्ये तुकडा ठेवलेला असतो ना, त्यावरच करून घेऊ का?

प्रतिसाद १
तो फॉर्मॅलिनमधला, म्हणजे जंतू मेलेले; त्यावर कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) होत नाही. ताजा पू जीन एक्सपर्ट (टीबीची झटपट तपासणी) आणि कल्चर, दोन्हीला द्यायला सांग. सोमवारी ड्रेसिंगला जाशील तेव्हाच.