ब्रिस्बेन ते ब्रूम कॅम्पिंग, सोबत दोन मुलं आणि सासूबाई, पाच आठवड्यांत जमेल का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. आम्ही ब्रिस्बेनला असतो, नवरा, मी, मुलगा १० वर्षांचा, मुलगी ६ ची, आणि आत्ता सासूबाई साताऱ्याहून आल्यात सहा महिन्यांसाठी. त्यांचं वय ६७, गुडघे दुखतात पण उत्साह दांडगा आहे, त्यांनीच विषय काढला की तुम्ही लोक सारखं ऑफिस-घर-ऑफिस करता, देश बघितला का कधी. तर आता ठरलंय. जूनच्या मध्यापासून पाच आठवडे, शाळेच्या सुट्टीला धरून पुढेमागे रजा टाकलीय.

गाडी आमची स्वतःची फोर व्हील ड्राइव्ह, डिझेल. कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचा, उघडला की तंबू होणारा) भाड्याने घ्यायचा विचार आहे. रूट असा डोक्यात आहे: ब्रिस्बेन, लाँगरीच, विंटन, माउंट आयझा, कॅथरीन, काकाडू नॅशनल पार्क, डार्विन, मग कनुनरा, तिथून गिब रिव्हर रोडने ब्रूम, आणि परत घरी.

तीन प्रश्न. एक म्हणजे हे एवढं जमेल का. दुसरं, मगरींचं खरंच किती मनावर घ्यायचं, कारण मुलाला दिसेल त्या पाण्यात उडी मारायची असते. तिसरं, सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि आषाढी एकादशी वाटेतच येतेय, तर तिकडे खायचं काय करता तुम्ही लोक? आधी जाऊन आलेल्यांनी अगदी बारीकसारीक सांगितलं तरी चालेल, मला सगळं हवंय.

डार्विनकर:
आधी गणित करू. ब्रिस्बेन ते डार्विन साधारण ३,४०० किमी, डार्विन ते ब्रूम १,८७० च्या आसपास, आणि ब्रूमहून परत ब्रिस्बेन. सगळं मिळून दहा हजाराच्या घरात जातंय. मुलं आणि वयस्कर माणूस सोबत असताना दिवसाला ४०० किमीच्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणजे २५ दिवस गाडीतच गेले. उरले दहा. त्या दहा दिवसांत काकाडूही, डार्विनजवळचं लिचफील्ड पार्कही, गिबही? कुठेच धड बघून होणार नाही आणि सासूबाईंना देश फक्त काचेतून दिसेल.

गिब आणि ब्रूम यावेळी सोडा. गिब ६६० किमीचा रस्ता आहे, बहुतेक कच्चा, पेंटेकॉस्ट नदी गाडीने पाण्यातून ओलांडायची, खडखडाटाने हाडं खिळखिळी होतात. तो रस्ता अप्रतिम आहे, पण मुलं जरा मोठी होऊ देत, तेव्हा फक्त त्याच्यासाठी तीन आठवडे काढून या.

आता मगरी. मी आठ वर्षं इथे राहतोय, हे मनापासून लिहितोय, कृपया घरात सगळ्यांना वाचून दाखवा. खाऱ्या पाण्यातल्या मगरीला टेरिटरीत (म्हणजे आमच्या नॉर्दर्न टेरिटरीत) १९७१ पासून संरक्षण आहे, त्याआधी कातड्यासाठी मारून मारून जवळजवळ संपवल्या होत्या, आता भरपूर आहेत. नाव खाऱ्या पाण्याची असलं तरी समुद्रापासून खूप आत गोड्या पाण्यातही असते. पाणी शांत आहे, उथळ आहे, बाकीचे लोक उभे आहेत, यातलं काहीही चालणारं कारण नाही. पोहायला परवानगी आहे असा बोर्ड असेल आणि ती जागा त्या दिवशी उघडी असेल तरच पाण्यात पाय घालायचा. बोर्ड नसेल तर मगर आहे असंच धरायचं. काठापासून निदान पाच मीटर लांब, तंबू पाण्यापासून ५० मीटर लांब. आणि आपल्या बायकांना सवय असते ती भांडी नदीवर विसळायची, ते अजिबात नको, खरकटं तर मुळीच टाकायचं नाही. रोज एकाच वेळी एकाच जागी पाणी भरायला जायचं नाही, ती बघत असते आणि लक्षात ठेवते.

मुलाची हौस भागेल, काळजी करू नका. लिचफील्डला बुली रॉकहोल आहे, एकाखाली एक दगडी कुंडं, आजी काठावर पाय सोडून बसतील आणि पोरं डुंबतील. फ्लॉरेन्स फॉल्सला खाली जायला भरपूर पायऱ्या आहेत, तिथे आजींना वरच्या कठड्यावरूनच धबधबा दाखवा.

मनस्वी:
मी माझ्या आईला घेऊन गेले होते, तेव्हा ती ७० ची होती. डार्विनकरांशी सहमत, कमी ठिकाणं आणि जास्त मुक्काम.

आईला झोपायला ट्रेलरच्या वरच्या गादीवर चढता येईना, रात्री बाथरूमला उठायचं तर शिडी. मग आम्ही तिच्यासाठी जमिनीपासून उंच अशी फोल्डिंग खाट आणि वेगळा छोटा तंबू घेतला. आणि कॅरव्हान पार्कमध्ये जागा घेताना टॉयलेट ब्लॉकच्या जवळची मागायची, फोनवर स्पष्ट सांगायचं की सोबत वयस्कर बाई आहे, प्रत्येक ठिकाणी हसतमुखाने दिली. दर चार-पाच दिवसांनी एक रात्र केबिन घ्या. पाठ सरळ होते, कपडे धुऊन होतात, सगळ्यांची चिडचिड उतरते.

थंडीचं कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. ट्रॉपिकल म्हणून आम्ही सुती कपडे घेऊन गेलो आणि माउंट आयझाला रात्री कुडकुडलो. जून-जुलैत तिकडे पहाटे तापमान दहा अंशांच्या खाली जातं. डार्विनला पोचलं की मग खरी ऊब. आजींसाठी गोधडी घ्याच, स्लीपिंग बॅगची चेन त्यांना आतून लावता येत नाही.

जेवणाचं. तीन लिटरचा कुकर, एक तवा, एक कढई, बस. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, मुगाची डाळ, पोहे, दाण्याचं कूट हे सगळं घरून न्यायचं. कांदे-बटाटे वाटेत कुठेही मिळतात. साबुदाणा मात्र ब्रिस्बेनहूनच घ्या, माउंट आयझाच्या पुढे मला कुठे दिसला नाही. आम्ही बार्कली हायवेवर एका रेस्ट एरियात गॅसवर पिठलं टाकलं होतं, वारा इतका की ज्योत आडवी व्हायची, तर आई गाडीचं दार उघडून त्याच्या आडोशाला स्टूल घेऊन बसली आणि पदराने आडोसा केला. शेजारच्या कॅरव्हानमधलं एक म्हातारं जोडपं वासाने चौकशी करत आलं, त्यांनाही वाटीभर दिलं. त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी आईला त्यांच्या झाडाच्या लिंबांची पिशवी आणून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

आणि मॅटरांकाला दोन रात्री तरी राहा म्हणजे राहाच. गरम पाण्याचं कुंड आहे, ३४ अंशांचं, बाजूने पाम, तळ दिसेल इतकं नितळ पाणी, उतरायला पायऱ्या. आई सकाळी सातला जाऊन गळ्यापर्यंत बसायची. गुडघ्यांना इतकं बरं वाटलं की तिसऱ्या दिवशी निघायलाच तयार नव्हती.

घाटवाट:
गाडीबद्दल दोन शब्द, कारण मी यात पोळलोय.

ट्रेलर भाड्याने घेताना कागद नीट वाचा. आम्ही ज्यांच्याकडून घेतला त्यांच्या करारात आतल्या पानावर बारीक अक्षरात होतं की डांबरी सोडून बाहेर नेला तर इन्शुरन्स नाही, आणि टायरचं तर कुठेच कव्हर नाही. आम्हाला देताना तोंडी सांगितलं होतं की कच्च्यावर चालतो. एका कॅम्पला जाणाऱ्या १२ किमीच्या खडीच्या रस्त्यावर टायर फाटला आणि रिमही गेली, सगळा खर्च आमच्या डिपॉझिटमधून कापला. मेल करून करून थकलो. तर तोंडी काही ऐकू नका, लेखी घ्या. आणि स्पेअर एक नाही, दोन घ्या.

घेतल्या दिवशी ट्रेलर घरच्या अंगणात पूर्ण उघडून एक रात्र झोपून बघा. कुठली खिटी कुठे, नळ कसा चालतो, सगळं.

डिझेल: कॅमुवील गाव सोडलं की पुढचा पंप बार्कली होमस्टेडला, २६० किमी, मध्ये काही नाही. तिथून थ्री वेजचा तिठा जवळपास १९० किमी. एरवी एका टाकीत आरामात होतं पण ट्रेलर मागे असला आणि समोरून वारा असला की गाडी सव्वा-दीडपट पिते. दिसेल त्या पंपावर भरायचं, भाव बघत बसायचं नाही.

रोड ट्रेन म्हणजे तीन-चार ट्रेलर जोडलेले ट्रक, ५३ मीटरपर्यंत लांब. ओव्हरटेक करायला घाई नको. यूएचएफ रेडिओ घ्या, चॅनल ४० वर ट्रकवाले असतात, विचारलं की स्वतः सांगतात पुढे मोकळं आहे का. समोरून येताना गाडी डावीकडे घेऊन स्टिअरिंग घट्ट धरायचं, हवेचा फटका बसतो. आणि दुपारी तीनला कॅम्पवर. तिन्हीसांजेला आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात, अंधारात गाडी चालवायचीच नाही.

मोबाइलला शहराबाहेर रेंज विसरा. आम्ही सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं छोटं यंत्र घेतलं होतं, एकदाही वापरायची वेळ आली नाही पण रात्री झोप लागायची त्याच्यामुळे.

रानजाई:
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री जेवणानंतर तिघांचे प्रतिसाद मोठ्याने वाचले. मगरींचा परिच्छेद मुलाने स्वतः दोनदा वाचला आणि आता बहिणीला पाच मीटर म्हणजे किती ते हॉलमध्ये पावलांनी मोजून दाखवतोय.

ब्रूम आणि गिब रद्द. नवऱ्याला वाईट वाटलं पण पटलं. आता प्रश्न असा की डार्विनहून परत फिरायचं का कनुनरापर्यंत जायचं? कॅथरीनहून जाऊन येऊन हजार किमी वाढतात. आणि काकाडूत आजींना झेपेल असं काय? चित्रं असलेल्या गुहांबद्दल त्यांनी यूट्यूबवर बघितलंय, तेवढं त्यांना बघायचंच आहे.

डार्विनकर:
काकाडूला चार रात्री द्या. जवळजवळ २०,००० चौरस किमीचं आहे, धावत बघायची जागा नाही. पास ऑनलाइन काढा, आणि टेरिटरीतल्या लिचफील्डसारख्या पार्कांना बाहेरच्या राज्यांतल्या लोकांना आता वेगळा पास लागतो, तोही. निघायच्या आदल्या दिवशी कुठले रस्ते उघडलेत ते पार्कच्या साइटवर बघा, दर वर्षी वेगळं असतं.

उबिरला चित्रांची फेरी एक किमीची आहे, सपाट, आजींना जमेल. मासे, कासवं, आणि एका उंच जागी थायलसिनचं चित्र, पट्ट्यापट्ट्यांचा तो प्राणी मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला, म्हणजे ज्याने काढलं त्याने तो जिवंत बघितला असणार. वरच्या खडकावरून सूर्यास्त बघतात, ती चढण तीव्र आहे, तिथे दोघांपैकी एकाने मुलांना न्या आणि एकाने आजींसोबत खाली थांबा. जवळच केहिल्स क्रॉसिंग आहे, म्हणजे नदी गाडीने पाण्यातून ओलांडायची जागा, तिथे भरतीच्या वेळी मगरी मासे पकडायला रांगेत थांबतात, बघायला उंच प्लॅटफॉर्म केलाय. मुलाला तिथे न्याच. मग माझं लिहिलेलं पुन्हा वाचावं लागणार नाही.

यलो वॉटर या काकाडूतल्या पाणथळ जागेची बोट पहाटेची घ्या. महाग वाटेल, तरी घ्या.

केतकी_बन:
यलो वॉटरवरून राहवलं नाही म्हणून लिहितेय. तिथे जे कमळ फुलतं ते आपलंच, तीच जात. पहाटे धुकं पाण्यावर, मोठाल्या गोल पानांवर लांब बोटांचे कमळपक्षी चालत असतात, आणि पानाच्या खोलगटात दवाचा थेंब पाऱ्यासारखा फिरतो. माझ्या आजेसासूबाई बोटीत हात जोडून बसल्या होत्या. गाइड बाई तिथल्या बिनिंज समाजाची होती, तिने सांगितलं की त्यांच्याकडे वर्षाचे सहा ऋतू, आणि अमुक फूल फुललं की तमुक खायला मिळतं असा सगळा हिशोब. पिवळं कापोक फुललं की गोड्या पाण्यातल्या मगरी (ही वेगळी जात) अंडी घालतात. ते कापोक म्हणजे आपल्या गणेरीची सख्खी बहीण, पानं गळालेल्या काटक्यांवर पिवळीजर्द फुलं. आजेसासूबाईंनी लगेच सांगितलं की आमच्याकडे डोंगरात गणेर शिमग्याच्या सुमारास फुलते, आणि त्या दोघी मग बराच वेळ झाडांवरच बोलत राहिल्या, मी मध्ये दुभाषी.

जमिनीवरून धूर दिसला तर घाबरू नका. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला तिथले लोक मुद्दाम थोडं थोडं गवत जाळतात, म्हणजे पुढे मोठा वणवा पेटत नाही. वर घिरट्या घालतात त्या आपल्या इथल्याच घारी.

कनुनराचं माझं मत: दिवस असतील तर जा. वाटेत टिंबर क्रीकजवळ एक बोआब आहे, त्याच्या बुंध्यावर ग्रेगरी नावाच्या शोधप्रवाशाच्या मोहिमेने १८५६ मध्ये तारीख कोरलीय, अजून वाचता येते. बोआब म्हणजे आपली गोरखचिंच, त्याच कुळातली, तोच फुगलेला बुंधा. बंगल बंगलच्या डोंगरांचा कच्चा रस्ता नको, कनुनराहून छोट्या विमानाने वरून बघता येतं, आजी खिडकीजवळ.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कनुनरा पश्चिम ऑस्ट्रेलियात येतं, त्याच्या हद्दीवर ताजी फळं, भाज्या, मध सगळं काढून घेतात, तर आदल्या रात्री सगळ्या भाज्यांची मिसळ भाजी करून संपवा. आणि तिथलं घड्याळ टेरिटरीच्या दीड तास मागे, जूनमध्ये पाच वाजून गेले की अंधार. तीनला कॅम्पवर पोचायचं ठरवलं असेल तर तिथे दीडला पोचा.

रानजाई:
गणेर ऐकून सासूबाई खूश. त्यांच्या माहेरच्या डोंगरावर होती म्हणे.

ठरलं मग: माउंट आयझा, मॅटरांका तीन रात्री, काकाडू चार, डार्विन-लिचफील्ड पाच, आणि कनुनराचं मॅटरांकाला बसून ठरवू. मुलगी म्हणतेय परत येताना विंटनला डायनोसॉर, ते पक्कं. शनिवारी ट्रेलर बघायला जातोय, करार आधी मेलवर मागितलाय. घाटवाट, रिमचं कव्हर असतं का हे नेमकं कुठल्या शब्दांत विचारू?

घाटवाट:
असं लिहा: "टायर, रिम, काच आणि खालचा भाग, चारही गोष्टी खडीच्या रस्त्यावर कव्हर आहेत का, हो किंवा नाही." उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. आणि शनिवारी ट्रेलरच्या खाली आडवं होऊन मोबाइलने सगळ्या बाजूंचे फोटो काढा, आधीचे ओरखडे त्यांच्यासमोरच दाखवून ठेवा.